लोकांनी दिलेल्या पदव्या

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी भाषणात लोकमान्य, महात्मा, सरदार, सेनापती असे शब्द येतात. ही नावे नाहीत, पदव्या आहेत. बारशाला नाव ठेवतात, पदवी मात्र कामावरून मिळते. आमची आजी म्हणती, "नाव आईबाप ठेवतेत, पदवी लोक ठेवतेत."

पदव्या दोन प्रकारच्या होत्या.

पहिला प्रकार सरकारी. इंग्रज सरकार रावसाहेब, रावबहादूर, सर अशा पदव्या द्यायचे. आपल्याकडे निजामाचे राज्य होते. निजामही आपल्या सरदारांना पदव्या द्यायचा. जालियनवाला बागेत गोळीबार झाला, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी १९१९ साली 'सर' ही पदवी सोडून दिली. गांधीजींनी १९२० साली 'कैसर-ए-हिंद' हे पदक सरकारला परत केले.

दुसरा प्रकार लोकांनी दिलेल्या पदव्यांचा. त्यांतल्या काही अशा :

१) लोकमान्य – बाळ गंगाधर टिळक. लोकमान्य म्हणजे लोकांनी मानलेला. सरकारने त्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा दिली आणि मंडालेच्या तुरुंगात ठेवले. सरकारने गुन्हेगार म्हटले, पण लोकांनी लोकमान्यच म्हटले.

२) महात्मा – गांधीजींच्या आधी ही पदवी जोतीराव फुले यांना मिळाली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी सभा भरवून ती दिली. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली होती. म्हणून आमच्या वर्गात आज मुलीपण बसतात.

३) सेनापती – पांडुरंग महादेव बापट. ते पारनेरचे. मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. बापट पुढे झाले आणि सेनापती ठरले.

४) क्रांतिसिंह – नाना पाटील. १९४२ च्या चळवळीनंतर त्यांनी सातारा भागात लोकांचे प्रतिसरकार चालवले.

५) सरदार – वल्लभभाई पटेल. गुजरातमध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांवर शेतसारा वाढवला होता. १९२८ च्या सत्याग्रहात शेतकरी जिंकले आणि वल्लभभाई सरदार झाले.

ह्या सरदारांचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाकडेच राहिला. लोकांचा लढा चालूच होता. स्वामी रामानंद तीर्थ त्याचे पुढारी होते. सरदार पटेल तेव्हा देशाचे गृहमंत्री होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचे सैन्य निघाले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणून आपण दोन वेळा झेंडावंदन करतो.

ह्या लढ्यातली एक पदवी माझी सर्वांत आवडती आहे. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वर गावच्या दगडाबाई शेळके घोड्यावर बसून रझाकारांशी लढल्या. लोक त्यांना 'मराठवाड्याची झाशीची राणी' म्हणतात. धोपटेश्वर आता जालना जिल्ह्यात आहे, पण १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. म्हणजे त्या आपल्याच.

आता आपल्या संविधानाच्या कलम १८ प्रमाणे सरकार सैन्यातल्या आणि शिक्षणाच्या सोडून दुसऱ्या पदव्या देत नाही. तरी पण वाढदिवसाच्या फलकावर काही जण स्वतःच मोठमोठ्या पदव्या छापून घेतात. असा फलक पावसात फाटून जातो. टिळकांना जाऊन शंभर वर्षे होऊन गेली, तरी आपण लोकमान्य म्हणतोच. मला वाटते, आपली पदवी आपण लिहू नये. चांगले काम करावे, लोक काय म्हणायचे ते म्हणतील.

सांगा पाहू, ह्या पदव्या कोणाच्या?
(अ) नेताजी (आ) देशबंधू (इ) पंजाब केसरी

उत्तरे : (अ) सुभाषचंद्र बोस (आ) चित्तरंजन दास (इ) लाला लजपतराय

– इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा