रजोनिवृत्तीनंतर हाडे का झिजतात?

घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या पाठीला बाक येतो, अंगणात साधा पाय घसरला तरी मनगट मोडते आणि आपण 'वय झाले' एवढे म्हणून विषय मिटवतो. परंतु वयाच्या जोडीला यामागे एक निश्चित शारीरिक कारण असते. ते समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवितात, तर अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात. हे काम आयुष्यभर चालते. साधारण तिशीपर्यंत हाडांची पुंजी साठत जाते. पुढे ती हळूहळू खर्च होऊ लागते.

स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अस्थिभक्षक पेशींची संख्या व आयुष्य मर्यादित ठेवते. पाळी कायमची थांबली की हा आवर सुटतो. नवे हाड तयार होते, पण झीज भरून निघत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. मणके, मनगट व खुबा येथील जाळीदार हाड आधी विरळ होते. हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही; म्हणून ही झीज लक्षात येत नाही.

आपल्या मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या 'पिशवी काढण्या'च्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत एकाएकी बंद होतो आणि पन्नाशीतली झीज तिशीतच सुरू होते. अंडाशये राखली तरी ती काही जणींत लवकर थकतात. अहमदपूरच्या डोंगराळ भागातील वाड्या-तांड्यांवरूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात. हा प्रश्न आपल्याही दारातला आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे व 'अंडाशये राहणार का?' हे स्पष्ट विचारावे. आहारात दूध, तीळ, नाचणी असावी. अंगाला ऊन मिळावे. मिश्री व तंबाखू सोडावी. आणि मुलींच्या ताटाकडे व खेळाकडे आजच लक्ष द्यावे. उतारवयात पुरणारी हाडांची पुंजी याच वयात जमते.