पहिला तास फॉर्म काढत नाही

नाशिकमध्ये आर्थिक नियोजनाचं काम करते, त्याला सतरा वर्षं झाली. या व्यवसायात येऊ पाहणारी मुलं विचारतात, "मॅडम, गणित किती पक्कं हवं?" त्यांच्यासाठी हे थोडं.

१. आधी ऐकता यायला हवं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले एक काका सपत्नीक आले होते. बोलत होते तेच. काकू मांडीवर कापडी पिशवी धरून गप्प. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी पिशवीतून पिवळी पडलेली पॉलिसी काढली आणि नॉमिनीच्या रकान्यावर बोट ठेवलं. लग्नाआधीची पॉलिसी, नाव सासूबाईंचं. आणि सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झालेली. काकूंना हे ठाऊक होतं. पण विषय काढला की "मरणाचं काय बोलतेस" हे ऐकावं लागे, म्हणून त्या बोलत नव्हत्या. तेव्हापासून मी कुणाकडेही पहिला तास फॉर्म काढत नाही. नवरा-बायको दोघांना बोलतं करते.

२. कायदा लागेल तेवढा यायलाच हवा. नॉमिनी म्हणजे मालक, असं घरोघरी समजतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर नियम वेगळा. हा फरक समोरच्याला सोप्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

३. गणित कॅल्क्युलेटर करतो. महागाई ६ टक्के धरली, तर आजचा ४०,००० रुपयांचा घरखर्च वीस वर्षांनी सुमारे १,२८,००० होतो. आकडा नुसता ठेवला तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. "तुमच्या लग्नाच्या वेळी दूध काय लिटर होतं?" असं विचारलं, की तेच हिशेब मांडायला लागतात.

४. परीक्षा द्याव्याच लागतात. फंड वितरक व्हायचं तर एनआयएसएमची परीक्षा आणि ॲम्फीची नोंदणी. फी घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची.

५. बाजार पडला की फोन उचलायचा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. त्या दिवशी लोकांना माझा आवाज ऐकायचा होता, सल्ला नंतर.

६. कमिशनला नाही म्हणता यायला हवं. हे मी उशिरा शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका रिक्षावाल्या दादांना मी बचतीची पॉलिसी दिली. विमा पाच लाखांचा. तेवढ्याच हप्त्यात टर्म विमा कितीतरी पट मिळाला असता, पण त्यात माझं कमिशन कमी होतं. चार वर्षांनी ते अपघातात गेले. मुलगी सातवीत होती. पैसे खात्यात जमा झाल्यावर मी घरी गेले. वहिनींनी चहा केला आणि दारापर्यंत येऊन माझे आभार मानले.