जुन्या मालमोटारींचे संग्रहालय

प्रश्न : केवळ जुन्या मालमोटारींना वाहिलेले एखादे संग्रहालय आहे काय? ते कसे उभे राहिले?

उत्तर : अमेरिकेतील आयोवा राज्यात, वॉलकॉट येथील हमरस्त्यावरच्या ट्रकतळाचा कारभार १९६५ पासून पाहणारे बिल मून यांनी जुन्या मालमोटारी जमविण्याचा जो व्यासंग आरंभिला, तो १९९२ मध्ये त्यांच्या निधनाने खंडित न होता कुटुंबीयांनी निष्ठेने पुढे चालविला, आणि २००८ साली ‘आयोवा ८० ट्रकिंग म्युझियम’ सर्वांस खुले झाले. विद्युत्वाहन हे आजचेच अपत्य होय असे मानणाऱ्यांनी, तेथील शंभराहून अधिक वाहनांपैकी १९११ ची वॉकर ही विजेच्या घटमालेवर चालणारी, भरीव रबरी धावांची, मागील आसातच मोटर सामावलेली गाडी अवश्य निरखावी. माझ्या मते संग्रहाचे खरे वैभव तेच. प्रवेशास शुल्क नाही.