पडसे, वावडे आणि सायनस

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले की वर्गावर्गांतून शिंकांचे आवाज येऊ लागतात. कोणाला विचारावे, तर "मला सायनस आहे" हे उत्तर ठरलेले. या एका शब्दाखाली आपण दोन निरनिराळ्या व्याधी झाकून टाकतो. त्या ओळखायच्या कशा, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

वास्तविक सायनस हे रोगाचे नावच नव्हे. कपाळ, गाल, दोन्ही डोळ्यांमधील भाग आणि नाकामागील हाड यांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात आणि त्या तुम्हा-आम्हा सर्वांना असतात. त्यांची नाकात उघडणारी तोंडे अरुंद असतात. अस्तर सुजून ती बंद झाली, आत स्राव साचला आणि त्यात जंतू वाढले, म्हणजे सायनसचा जंतुसंसर्ग होतो.

अ‍ॅलर्जीची गोष्ट वेगळी. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. आपल्याकडे त्यासाठी 'वावडे' हा सुंदर शब्द आहेच. येथे जंतूंचा संबंध नसतो. परागकण किंवा धूळ यांसारख्या निरुपद्रवी वस्तूला शरीर शत्रू समजते आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. त्यामुळे शिंका येतात व नाक वाहते. इंग्लंडमधील डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता. स्वतःवर प्रयोग करून त्यांनी १८७३ साली त्याचे मूळ परागकणांत असल्याचे दाखवून दिले.

भीमेच्या एका तीरावर आपला शिरूर तालुका, तर दुसऱ्या तीरावर दौंड. दोन्हीकडे पावसाळा सरताना बांध आणि पडीक जागा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. भारतात या गवताची नोंद १९५६ साली पुण्याहून झाली. त्याच्या परागकणांचे अनेकांना वावडे असते. त्यातच बाजरीच्या मळणीचे भुसकट उडते. पुढे पाचट जाळल्याचा आणि गुऱ्हाळांचा धूर येतो. धूर हे वावड्याचे कारण नसले, तरी आधीच हुळहुळलेल्या नाकाला तो अधिक डिवचतो.

माझ्या घरातीलच दोन उदाहरणे देतो. शिरूर तालुक्यातील आमच्या गावी मळणी सुरू झाली की आईला एकापाठोपाठ दहा-दहा शिंका येतात. नाक, डोळे व टाळू खाजते. नाकातून पाण्यासारखा स्राव वाहतो. ताप मात्र नसतो. ती पुण्याला मावशीकडे गेली की आराम पडतो आणि परतली की पुन्हा तेच. हे वावडे होय.

दौंडला राहणाऱ्या मामांचे तसे नव्हते. त्यांना साधे पडसे झाले आणि पाचव्या दिवशी उतारही पडला. सातव्या दिवशी मात्र ताप आला, एका गालात ठणका लागला, वाकले की तो वाढे, आणि नाकातून घट्ट पू येऊ लागला. वरची दाढ दुखते म्हणून ते दंतवैद्याकडे गेले, तर दाढ निर्दोष निघाली. गालातील पोकळीत संसर्ग झाला होता. बरे वाटत असताना दुखणे असे उलटणे, ही जंतुसंसर्गाची महत्त्वाची खूण आहे. दहा दिवस उलटूनही जराही उतार न पडणे ही दुसरी. आणि आरंभापासूनच सलग तीन-चार दिवस जोराचा ताप, चेहऱ्यात वेदना व पुवासारखा स्राव असणे ही तिसरी.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला की जंतू झाले, असा एक समज आहे. तो रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि साध्या पडशातही दिसतो. म्हणून रंगापेक्षा खाज पाहावी आणि दिवस मोजावेत.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. एका दवाखान्यात आईला लागोपाठ तीन वर्षे जंतुनाशक कॅप्सूल मिळाल्या. मजुरीचे पैसे गेले, शिंका राहिल्या. अशा औषधांचा वावड्यावर किंवा विषाणूंच्या पडशावर काडीचाही उपयोग नसतो. उलट, अकारण वापराने जंतू त्यांना दाद देईनासे होतात. तिला आराम पडला तो तोंडाला फडके बांधणे, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला नाकातील फवारा यांनी. वावड्याच्या काही गोळ्यांनी झोप येते. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. नाक मोकळे करणारे थेंबही मनाने फार दिवस घालू नयेत, त्यांनीच नाक पुन्हा चोंदू लागते.

दुर्लक्षही तितकेच घातक. वावड्याने सुजलेल्या नाकात पोकळ्यांची तोंडे बंद होऊन संसर्ग होऊ शकतो. २०२१ साली करोनानंतर मधुमेही रुग्णांच्या सायनसमध्ये शिरलेली बुरशी महाराष्ट्राने पाहिली आहे. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, असह्य डोकेदुखी, मान ताठणे किंवा भ्रम, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, वहीच्या शेवटच्या पानावर एवढेच लिहीत जा: त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, त्या दिवशी कोणते काम केले, खाज होती की ताप, आणि किती दिवस टिकला. डॉक्टरांपुढे "सायनस आहे" असे सांगण्याऐवजी ते पान ठेवा. निदान करणे त्यांचे काम. नीट सांगणे आपले.