साइनची चौकोनी लाट करताना कडा का थरथरतात?

समजा, तुम्ही एका वेगवान कंपॅरेटरला १०० किलोहर्ट्झची साइन लाट दिली आहे. तळापासून शिखरापर्यंत तिची उंची १ व्होल्ट आहे. आउटपुटला ० ते ५ व्होल्टची चौकोनी लाट हवी. लाट मिळते, पण फ्रिक्वेन्सी काउंटर १०० किलोहर्ट्झपेक्षा बराच मोठा आकडा दाखवतो. आयसी बदलण्याआधी थोडं गणित करू या.

साइन लाट मध्यरेषा ओलांडते तेव्हा तिचा चढ २π × वारंवारता × आयाम इतका असतो. इथे आयाम अर्धा व्होल्ट, म्हणून चढ मायक्रोसेकंदाला सुमारे ०.३१ व्होल्ट. म्हणजे १० मिलिव्होल्टचा पट्टा ओलांडायला ३२ नॅनोसेकंद लागतात. तेवढाच नॉइज असेल, तर त्या वेळात सिग्नल संदर्भ व्होल्टेजच्या वर-खाली अनेकदा होऊ शकतो. ५ नॅनोसेकंदांत निर्णय देणारा कंपॅरेटर त्यातले बरेच हेलकावे खरे मानतो आणि प्रत्येक वेळी एक जादा कड तयार होते.

आता या क्रमाने तपासा:

१. प्रोब: १५ सेंटिमीटर लांब ग्राउंड वायरचं इंडक्टन्स सुमारे १५० नॅनोहेन्री असतं. प्रोबच्या १० पिकोफॅरडसोबत ती १३० मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखी वाजते. स्कोपवर दिसणारी थरथर तिचीच असू शकते. आखूड स्प्रिंग ग्राउंड वापरा.

२. वीजपुरवठा: ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पिनला अगदी लागून हवा आणि खाली अखंड ग्राउंड प्लेन हवं. ब्रेडबोर्डवर हे जमत नाही.

३. मांडणी: आउटपुटची वायर इनपुटपासून दूर ठेवा. ५ व्होल्टची झटपट उडी एखाद्या पिकोफॅरडमधूनही इनपुटला धक्का देते.

४. हिस्टेरेसिस: सिग्नल १ किलोओहममधून धन इनपुटला द्या आणि आउटपुटपासून त्याच पिनला १०० किलोओहम जोडा. ५ × १/१०० म्हणजे ५० मिलिव्होल्टचा पट्टा मिळतो. १० मिलिव्होल्टचा नॉइज तो ओलांडू शकत नाही. हाच श्मिट ट्रिगर.

५. ड्यूटी सायकल: लाटेची मध्यरेषा आणि संदर्भ यांत ५० मिलिव्होल्टचा फरक असेल, तर ५० ऐवजी ५३ किंवा ४७ टक्के मिळतील. संदर्भ नीट जुळवा.

हिस्टेरेसिस चौथ्या क्रमांकावर ठेवण्याचं कारण आहे. ते आधीच लावलंत, तर मांडणीतला दोष झाकला जातो आणि वारंवारता किंवा तापमान बदललं की पुन्हा डोकं वर काढतो. आधी नॉइजचं मूळ शोधा, मग उरलेल्या नॉइजला पुरेल एवढाच पट्टा ठेवा.