पौलाचे भाड्याचे घर

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २८:३०, ३१, याकोब २:१-९

प्रेषित पौल रोम शहरात दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला व येणाऱ्या सर्वांचे त्याने स्वागत केले. लालबर्रासारख्या तहसिलीच्या गावी बदलून आलेली परिचारिका किंवा शिक्षक प्रथम भाड्याची खोलीच शोधतो. आपल्या मंडळ्यांत घरमालक आहेत, भाडेकरूही आहेत. म्हणून दोघांचीही कर्तव्ये पाहू.

१. कायदा काय सांगतो? नागपूर-गोंदियाकडचे नातलग ज्या भाडे नियंत्रण कायद्याविषयी बोलतात तो महाराष्ट्राचा, १९९९ चा आहे. बालाघाट जिल्ह्यात तो चालत नाही. मध्यप्रदेशाने १९६१ मध्ये आपला स्थान नियंत्रण कायदा केला. भाडे थकल्यास मागणीची नोटीस देऊन भाडेकरूस २ महिन्यांची मुदत द्यावी, असे त्यात ठरले. तो कायदा प्रत्येक गावास लागू केलेला नाही. जेथे असा खास कायदा नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा. करारात वेगळे ठरले नसेल, तर महिन्याच्या बोलीवर दिलेले राहते घर सोडविण्यास १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कुलूप तोडून, सामान रस्त्यावर टाकून कोणास काढता येत नाही. असे घडल्यास ६ महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावून ताबा परत मागता येतो. भाडेकरूनेही भाडे वेळेवर द्यावे, पावती जपून ठेवावी आणि घर जसे घेतले तसे परत करावे.

२. कायदा कोठे थांबतो? अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडविणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ अन्वये गुन्हा आहे; त्यास १ ते ६ महिने कैद व दंड आहे. परंतु राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांची नावे आहेत. खाजगी भाड्याच्या घराचे नाव नाही. “खोली दिली गेली,” असे गोड शब्दांत सांगून कोणास परत पाठविले, तर ते सिद्ध करणे कठीण. तेथे याकोबाचे पत्र आपल्याशी बोलते : पक्षपात हे पाप आहे.

३. एक लज्जास्पद उदाहरण. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले. जातीमुळे घर मिळेना. पारशी सरायीतूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण असून पत्नी जुन्या सोवळ्याची होती, हे आंबेडकरांना नंतर समजले. ते सार्वजनिक बागेत काही तास बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. बंधुभगिनींनो, त्या घरी बाप्तिस्मा पोहोचला होता. उंबरठ्यावर मात्र जुनाच नियम चालू होता.

४. आपण काय करावे? खोली पाहण्यास आलेल्यास भाडे, पाणी, वीज यांविषयी सांगावे, “तुम्ही कोण लोक?” हा प्रश्न टाळावा. करार लेखी करावा, पावती द्यावी. मंडळीच्या मालकीची खोली असेल तर पंचांनी हाच नियम प्रथम स्वतःस लावावा.

वर्गासाठी प्रश्न : (१) पौलाच्या घरमालकाने कैद्याला घर नाकारले असते तर काय झाले असते? (२) आपल्या घराची किल्ली कोणाच्या हाती देण्यास आपले मन कचरते, आणि का?