गर्दी, उंदीर आणि आमची बांधी

आमच्या गोरेगाव तालुक्यात धान पिकू लागले की बांधीच्या धुऱ्यावर ताज्या मातीचे ढीग दिसतात. ही शेतातल्या लहान घुशीची बिळे. शास्त्रीय नाव बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस. लहानपणी आजीबरोबर मी अशी बिळे खणली आहेत. आत धानाच्या लोंब्या रचलेल्या सापडत. आजी त्या वाळवून कांडीत असे. कॉलेजात येणारी घरातली मी पहिलीच. उंदरांवर कोणी ग्रंथ लिहीत असेल, हे आमच्या घरी कोणाला ठाऊक असणार?

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी जॉन कॅल्हून यांचा प्रयोग सांगितला. १९६८ साली अमेरिकेत त्यांनी एका बंदिस्त जागेत लहान उंदरांच्या चार जोड्या सोडल्या. दाणापाणी भरपूर, मांजराचे भय नाही. संख्या २२०० पर्यंत गेली. मग माद्या पिले टाकू लागल्या, काही नर भांडण व समागम दोन्ही सोडून नुसते अंग चाटत बसले. शेवटी जन्मच थांबले आणि वसाहत निर्वंश झाली. यावर वर्गात कोणीतरी म्हणाले, "झोपडपट्टीचे असेच होते." मला ते लागले. आमच्या दोन खोल्यांत नऊ माणसे राहतात आणि माझा अभ्यास चुलीजवळ होतो.

पण त्या उंदरांना बाहेर पडायला वाटच नव्हती, हे आपण विसरतो. आमच्या बांधीतली घूस बहुधा बिळात एकटी असते, फार तर पिलांसह. पिले मोठी झाली की निघून जातात. हीच जात कलकत्त्याच्या धान्यगोदामांत मात्र दाटीने राहते. तिचा अभ्यास स्पिलेट यांनी १९६० नंतरच्या दशकात केला.

अर्जेंटिनातला टुको-टुको हा बिळात राहणारा प्राणी याहून नवलाचा. त्याच्या काही माद्या एकाच बिळात मिळून पिले वाढवतात, काही एकट्या राहतात. संकटात शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे द्रव्य वाढते. थोडा वेळ ते उपयोगी. फार काळ चढे राहिले तर प्रजननाला बाधक. आयलीन लेसी व त्यांच्या सहकाऱ्यांना हे द्रव्य एकट्या माद्यांत अधिक आढळले! मात्र गटात माद्या वाढल्या की दर मादीमागे वाढणारी पिले कमी होतात. म्हणजे सोबतीलाही किंमत आहे आणि एकटेपणालाही. नुसती डोकी मोजून यातले काही कळत नाही.

बाबांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग माझे धान वाचेल का?" प्रश्न रास्तच आहे. ते दरवर्षी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवतात. थोडे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. शिवाय रिकाम्या झालेल्या बिळांत शेजारच्या बांधीतले येऊन बसतात, आणि दाणा मुबलक असल्याने त्यांची वीण जोरात होते. एकट्याने मारून भागत नाही. सर्वांनी एकाच वेळी, धान निसवण्याआधी उपाय केला तरच फरक पडतो. यंदा शेजाऱ्यांशी बोलतो, असे बाबा म्हणाले आहेत. धुरा तसाही दोघांचा सामाईक आहे.